पुराव्यादाखल फोटो जोडला आहे

मुलांना मोबाइलपासून सोडवायचं असं आमच्या कॉलनीने ठरवलं आणि तसं मोबाइलवरून कळवलं. सावेडीत हल्ली कुणी मेलं तरी ग्रुपवरच कळतं, त्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. नियमावली दहा कलमांची होती. नऊ कलमं कुणीच वाचली नाहीत. चौथं मात्र सगळ्यांनी वाचलं, कारण त्यात दंड होता: ‘रोज सायंकाळी 7 ते 8.30 या वेळेत मुलांनी मोबाइल व टीव्ही पाहू नये. पाल्य अभ्यास करीत असल्याचा जीपीएस फोटो पालकांनी 7.15 पर्यंत ग्रुपवर टाकावा. फोटो न आल्यास पाल्य मोबाइल पाहत आहे असे गृहीत धरून 50 रुपये दंड आकारण्यात येईल.’

जीपीएस फोटो म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. इथे खड्डा बुजला की नाही हे खड्ड्याकडे बघून ठरत नाही, फोटोखालच्या पट्टीवरून ठरतं. झाडाचा फोटो, शौचालयाचा फोटो, शेततळ्याचा फोटो, अंगणवाडीतल्या खिचडीचा फोटो. खाली छोटा नकाशा, तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. या रांगेत आता आमची पोरं उभी राहिली. 19 अंश उत्तर आणि 74 अंश पूर्व, पुढे सहा आकडी दशांश, इतक्या अचूक ठिकाणी पोरगं भूगोलाचं पुस्तक उलटं धरून बसलंय.

सातला पाच कमी असताना घरोघरी काय चालतं ते ऐका. आधी पोराच्या हातातला फोन काढून घ्यायचा, कारण त्याच फोनने त्याचा फोटो काढायचा असतो. फोन उघडत नाही, कारण पॅटर्न फक्त पोराला माहीत. तो उघडून देतो. लोकेशन बंद आहे. तो चालू करून देतो. मग ते फोटोचं ॲप म्हणतं, मला अपडेट करा. अपडेट होईपर्यंत दोन जाहिराती लागतात, त्यातली एक पोरगं बापाच्या खांद्यावरून शेवटपर्यंत बघतं. मग पुस्तकाची शोधाशोध. पुस्तक सापडलं की पोराला अभ्यासाला बसवायचं, म्हणजे अभ्यासाला बसल्यासारखं बसवायचं. ‘ए, इकडं नको बघू, मान खाली घाल.’ कारण समितीने दुसऱ्याच आठवड्यात पोटनियम काढला: मूल कॅमेऱ्याकडे पाहत असेल, तर ते स्क्रीनकडे पाहत आहे असं धरून फोटो बाद. मान खाली घातली की चेहरा दिसत नाही, म्हणून ओळख पटत नाही, म्हणून पुन्हा बाद. तेव्हा मान अर्धी खाली, डोळे पूर्ण खाली, हातात पेन, पेनाचं टोपण काढलेलं, आणि चेहऱ्यावर ज्ञानाची थोडी लालसा. हे जमेपर्यंत साडेसात होतात. मागे टीव्ही दिसलाच पाहिजे आणि तो बंद दिसला पाहिजे. आता बंद टीव्हीची काच म्हणजे काळा आरसा. एका घरच्या फोटोत पोरगं वहीत गढलेलं, टीव्ही बंद, सगळं नियमानुसार. पण त्या काळ्या काचेत सोफ्यावरचे आजोबा, आजी आणि आत्या अशा तिघांच्या तोंडावर निळा उजेड स्वच्छ पडलेला. समितीने फोटो मोठा करून पाहिला. बराच खल झाला. शेवटी निकाल लागला की नियमात ‘पाल्य’ म्हटलेलं आहे, आजोबा त्यात बसत नाहीत.

त्यात जिल्ह्याच्या नावाचा घोळ. 2024 च्या ऑक्टोबरात कागदोपत्री आपण अहिल्यानगर झालो. आमच्या काही फोनांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्या पट्टीवर जुनंच नाव उमटतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी असे फोटो ग्राह्य धरू नयेत अशी मागणी केली. दुसऱ्या एका काकांनी पट्टीवर नाव काहीही असो, पोरगं तेच आहे, असा मुद्दा मांडला. त्या रात्री ग्रुपवर पावणेदोनपर्यंत वाद चालला. मुलं दहालाच झोपली होती.

या सगळ्यात कमाई एकट्याने केली. बी विंगमधल्या सहावीतल्या एका पोराला असं ॲप सापडलं, ज्यात पट्टीवरची तारीख, वेळ, ठिकाण, सगळं आपल्या हाताने भरता येतं. रविवारी सकाळी तो शर्ट बदलून बदलून आठवड्याचे फोटो काढून ठेवतो आणि रोज सातला पट्टी चिकटवून आईच्या फोनवर पाठवतो. आता तो हे काम बाहेरचंही घेतो. फोटोला दहा रुपये, वार्षिक परीक्षेच्या काळात पंधरा. दंड 50, फोटो 10. हिशेब आईबापांनाही पटला. एका बापाने तर त्याला ऑफिसच्या साइट व्हिजिटच्या फोटोंचं विचारलं, असं ऐकतो.

ही कल्पना आमच्या समितीची नाही. ती सांगलीकडची. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 15 ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठला पुन्हा वाजतो. मधला दीड तास मोबाइल बंद आणि टीव्हीही बंद. आपल्याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याने 2024 च्या नोव्हेंबरात ठरवलं की आईबहिणीवरून शिवी दिली तर 500 रुपये दंड, आणि त्याच दमात मुलांना सात ते नऊ मोबाइल नाही. या गावांना हसण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. वडगावात भोंगा वाजवायच्या आधी बायकांना बोलावून बसवलं होतं, आणि आम्हीही मालिकांपुढून हलत नाही हे त्यांनी तिथे बोलून दाखवलं होतं. भोंग्याला पोर कळत नाही आणि थोरही कळत नाही. तो सगळ्यांसाठी वाजतो.

नेमकं तेवढंच आमच्या समितीला नकोसं झालं. मूळ मसुद्यात ‘पालकांनीही’ असा शब्द होता. पहिल्या बैठकीत तो ‘पालकांनीही शक्यतो’ झाला. दुसऱ्या बैठकीत ‘शक्यतो’ तेवढा उरला. तिसरी बैठक ऑनलाइन झाली. भोंग्याचं म्हणाल, तर त्याने डोकं दुखतं असा आक्षेप आला, तेव्हा भोंग्याऐवजी मुलांच्या फोनमध्येच सातचा गजर लावायचं ठरलं. म्हणजे सातला फोन बाजूला ठेवायचा हे कळण्यासाठी सातपर्यंत फोन जवळ हवा.

थट्टा पुरे. राग कशाचा येतो ते सांगतो. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभरापेक्षा जास्त पडदा नको आणि त्याहून लहानग्याला मुळीच नको, हे 2019 सालीच जगभरच्या आईबापांना सांगून झालंय. चांगलं सांगितलंय. पण त्या वेळेत मूल कुणाकडे ठेवायचं, हे पुढच्या ओळीत लिहायचं राहिलं. आमच्याच कॉलनीतल्या एका घरात बाप नागापूरच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, सुटतो अकराला. आई कापडबाजारात साडीच्या दुकानात, घरी यायला साडेआठ. सात ते साडेआठ त्या घरात मोठं माणूस म्हणजे नऊ वर्षांची मुलगी. नियमाप्रमाणे फोटो पालकाने काढायचा. मग आई दुकानात गिऱ्हाईक सोडून, मालकाची नजर चुकवून, व्हिडिओ कॉल लावते, मुलीला पुस्तक धरायला सांगते आणि त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकते. त्यावर पट्टी नसते. 50 रुपये. शिवाय व्हिडिओ कॉल हासुद्धा स्क्रीन टाइमच, असा शेरा कुणीतरी मारलाच, वर अंगठा दाखवणारे सात जण. या सातांपैकी एकालाही संध्याकाळी खाली उतरून ‘ये पोरी, आमच्या घरी येऊन बस’ म्हणावंसं वाटलं नाही. अंगठ्याला जिना चढावा-उतरावा लागत नाही.

आणि ही तरी पक्क्या घरातली गोष्ट. पाथर्डीकडून आणि शेजारच्या बीडकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते निघतात. पहाटे आईबाप फडात. कोपीवर धाकट्याला सांभाळायला थोरली असते आणि थोरलीला सांभाळायला फोन, असेल तर. तिथे जाऊन सांगा कुणीतरी पडद्याचे नियम. आणि येताना जीपीएस फोटो घेऊन या.

मग येतो शहाण्या माणसांचा आवडता सल्ला: मुलांना बाहेर खेळू द्या. कुठे? राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात दिवेलागणीनंतर उसाच्या कडेने पोरांना विटीदांडू खेळायला पाठवून दाखवा. बिबट्याचीही वेळ तीच आहे. ज्याच्या वाट्याला रात्रीची लाइट, तो बाप बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला जातो. आई आतून कडी लावते आणि पोरगं दाराकडे धावू नये म्हणून त्याच्या हातात जे द्यायचं ते देते. मी तिच्या जागी असतो तर दोन फोन दिले असते. आणि शहरात? शहरात बिबट्या नाही, म्हणून ओपन स्पेस आहे. होती. प्रत्येक लेआउटच्या नकाशात हिरव्या रंगाचा एक तुकडा असतो, तो दाखवूनच बिल्डर प्लॉट विकतो. आमच्याही नकाशात होता. त्याच्या एका कोपऱ्यात आधी बोअर पडली, दुसऱ्या कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर आला, मग सामाजिक सभागृह, मग सभागृहाला शोभा म्हणून कमान, कमानीला पेव्हिंग ब्लॉक, आणि जे उरलं त्यात चारचाकी लावायला पांढरे पट्टे. सभागृह हळदीला, साखरपुड्याला आणि दहाव्याला भाड्याने जातं. पोरांनी तिथे बॉल आपटला तर काचेवर आपटतो. ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी लिहिणारे हात आणि चौथं कलम लिहिणारे हात एकच आहेत, अक्षरावरून सांगतो. खेळायची जागा गिळायची, मग पोर घरात बसलं की त्याच्या डोळ्यांची काळजी वाहायची, आणि काळजी घेतली याचा अक्षांश-रेखांशासह पुरावा पुन्हा त्याच्याकडूनच मागायचा! मेंढरं हाकणाराही आधी कुरण कुठे आहे ते बघतो.

या फोटोच्या खुळाला जुना इतिहासही आहे. 2016 च्या नोव्हेंबरात वरून निघालं होतं की शाळेतल्या मुलांचे दहा-दहाचे गट करून गुरुजींनी दर सोमवारी त्यांच्यासोबत सेल्फी काढावी आणि ती वर चढवावी, म्हणजे मुलं शाळेत येतात हे कळेल. ओरड झाली, प्रकरण थांबलं. पण सवय थांबली नाही. आज झेडपीच्या शाळेतले गुरुजी सकाळी हजेरी, दुपारी खिचडी, मधेच एखादा सप्ताह असं सगळं फोनमध्ये भरत असतात. मुलं समोर बसून ते बघतात. संध्याकाळी त्याच फोनवरून त्याच मुलांना गृहपाठाची पीडीएफ येते, आणि तिच्याखाली दुसरी पीडीएफ: ‘मोबाइलचे दुष्परिणाम, पाने 14’. गुरुजींना दोष कसा द्यायचा? ते दुसरी पीडीएफ पाठवतात, तिचाही स्क्रीनशॉट त्यांना वर द्यायचा असतो.

खरं तर या जिल्ह्यात मुलांच्या पडद्याला खरोखरचा लगाम एकदाच लागला होता, वीसेक वर्षांपूर्वी, बारा-बारा तासांच्या लोडशेडिंगने. त्याला समिती नव्हती. पाल्य आणि पालक असा भेद त्याने कधी केला नाही. मालिका ऐन रंगात आली की लाइट जायची, आजीपासून नातवापर्यंत सगळे एका सुरात शिवी हासडायचे आणि ओट्यावर येऊन बसायचे. डास चावायचे. कुणीतरी भुताची गोष्ट सांगायचं, कुणीतरी शेजारणीची. त्यात काही संस्कार वगैरे होत नव्हते, उगाच गहिवरू नका. आम्ही लाइट कधी येते याचीच वाट बघत होतो. पण बाप शेजारी बसलेला असायचा, कारण त्यालाही दुसरं काही करता येत नव्हतं.

ते असो. आमच्या समितीच्या उपक्रमाला परवा तीन महिने पूर्ण झाले. त्यानिमित्त ‘स्क्रीनमुक्त पाल्य’ पुरस्कार जाहीर झालाय. सर्व फोटो वेळेत, पट्टी स्वच्छ, मान योग्य कोनात आणि जिल्ह्याचं नाव प्रत्येक वेळी अचूक, अशी अट होती. तिच्यात संपूर्ण कॉलनीतून एकच जण बसला: बी विंगमधला सहावीतला तो पोरगा. त्याच्या खालोखाल त्याची पाच गिऱ्हाइकं आहेत. सत्कार येत्या रविवारी. सामाजिक सभागृह हळदीला गेलेलं असल्याने कार्यक्रम ऑनलाइन होईल. वेळ सायंकाळी सात ते साडेआठ. सर्व मुलांची उपस्थिती सक्तीची असून त्यांनी पूर्ण वेळ कॅमेरा चालू ठेवून स्क्रीनकडे पाहायचं आहे. न पाहिल्यास 50 रुपये. लिंक ग्रुपवर येईल.