मनाने चांगले

आमच्या सोसायटीतल्या भाऊंबद्दल कुणी तक्रार काढली की ऐकणारा हमखास म्हणतो, ‘जाऊ द्या हो, माणूस मनाने चांगला आहे.’ असे एक भाऊ प्रत्येक सोसायटीत असतातच. त्यांचा चांगुलपणा सगळाच्या सगळा आत असतो. बाहेर आलेला निदान आमच्या इमारतीत कुणी पाहिलेला नाही.

भाऊ स्कूटर जिन्याच्या तोंडाशी आडवी लावतात. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी काठी उचलून, पोट आत ओढून त्या फटीतून निघाल्या, तर हे गॅलरीतून ओरडले, ‘आजी, जपून हं! या वयात हाडं जुळत नाहीत.’ आवाजात इतकी कळकळ की आजींनीच ‘हो रे बाबा’ म्हणून हात जोडले. कचरा न्यायला येणारीला भाऊ ‘ताई’ म्हणतात आणि दाढीची पाती आंब्याच्या सालींत टाकतात. गणपतीच्या वर्गणीला पोरं गेली की, ‘अरे, माझे पाचशे मनाने कधीच दिलेत!’ मयताला दिसत नाहीत. तेराव्याला जेवता जेवता सांगतात की त्या दिवशी घरी होतं ते फक्त शरीर.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी भेटतो. तो कर्मेंद्रियं आवरून बसतो आणि मनात विषय घोळवतो. भाऊंचं बरोबर उलटं. मन अगदी सोवळ्यात, कर्मेंद्रियं तेवढी मोकाट. अशा माणसाला काय म्हणावं हे भगवंतांनी सांगितलेलं नाही, आणि मला सुचतं ते छापता येणार नाही.

वहिनींना एकदा विचारलं, इतक्या वर्षांत तुम्ही तरी पाहिलंत का हो ते मन? त्या भाजी निवडत म्हणाल्या, ‘लॉकर आहे तो. किल्ली यांच्याकडे.’

मेंटेनन्स भाऊ मनोमन भरत असल्यामुळे वर्षाची थकबाकी साठली. सेक्रेटरींनी उपविधीप्रमाणे दरसाल २१ टक्के सरळव्याज लावलं आणि वसुलीसाठी उपनिबंधकांकडे जाऊ, अशी नोटीस हातात दिली. भाऊंनी ती शांतपणे वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि सेक्रेटरींच्या खांद्यावर हात टाकला. ‘हे कागदापुरतं हो. मनाने तुम्ही तसे नाही, मला ठाऊक आहे.’

सेक्रेटरी मनानेही तसेच आहेत. म्हणून तर त्यांच्याशी सोसायटीत कुणाचं पटत नाही.