एका रात्रीपुरता प्लेयर

आळंदीत सगळे सगळ्यांना ‘माउली’ म्हणतात. रिक्षावाला माउली, फुलवाला माउली, पावती फाडणारा हवालदारही माउली. त्यामुळे इथे भांडणसुद्धा धड होत नाही. चाकण चौकाच्या अलीकडे सीडी भाड्याने देणारं एक दुकान होतं. परत आणलेली सीडी मालक ट्यूबलाइटखाली तिरकी धरायचा आणि हळूच म्हणायचा, “माउली, हा ओरखडा कालपर्यंत नव्हता.” मी मुकाट्याने दहा रुपये जास्त द्यायचो. वर नमस्कारही मीच करायचो.

ही गोष्ट २००५-०६ची. मी चाकणला कंपनीत होतो आणि आम्ही चौघं देहूफाट्यावर एका खोलीत राहत होतो. दुकानात बाहेरच्या फळीवर यात्रेकरूंसाठी हरिपाठ, कीर्तनं, प्रभातचे ‘संत तुकाराम’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’. आतल्या फळीवर आमच्यासाठी मारामारीचे हिंदी पिक्चर. भाडं दिवसाला दहा रुपये आणि सकाळी दहाच्या आत परत. एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं, म्हणून पिक्चर दोन सीड्यांवर यायचा, लांबलचक असला तर तीन. पहिली संपली की एक जण सीडी बदलायला उठायचा, दुसरा चहा टाकायचा. सेकंड शिफ्टवाला घरी येईपर्यंत दुसरी सीडी लागलेली असायची. त्या बिचाऱ्याने कित्येक पिक्चरांचा नुसता उत्तरार्धच पाहिला. शेवटी कोण मेलं हे तो अजून सांगतो. वैर कशावरून होतं, ते त्याला ठाऊक नाही.

एका एकादशीला आम्ही पुण्य म्हणून ‘संत ज्ञानेश्वर’ आणला. १९४०चा पिक्चर, दामले-फत्तेलालांनी त्या काळात भिंत चालवून दाखवलेली. इकडून भिंत निघाली आणि नेमकी तिथेच सीडी अडकली. चारही भावंडं हवेत. प्लेयर बंद करून चालू केला, सीडी बनियनला पुसली, कोलगेट लावून धुतली. भिंत काही हलेना. खरी भिंत आमच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर होती. सकाळी जाऊन तिचंच दर्शन घेतलं आणि सीडी परत केली. ओरखडा अर्थातच आमच्या नावावर लागला.

पुढे मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. भाड्याच्या तिप्पट पैशांत पिक्चर कायमचा घरात! दुकानदार म्हणाला, “आता माउली, परत आणायला कोण येणार?” त्याने झेरॉक्सचं मशीन टाकलं, मग मेमरी कार्डात गाणी भरून द्यायला लागला. २०१६ला जिओ आलं आणि तेही संपलं. २०१८मध्ये खुद्द मोझर बेअर दिवाळखोरीत निघाली. तिकडे अमेरिकेत नेटफ्लिक्स १९९८पासून पाकिटातून टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवत होतं. २९ सप्टेंबर २०२३ला त्यांनी शेवटची पाकिटं रवाना केली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, आता परत नाही पाठवल्या तरी चालेल, ठेवून घ्या. आमच्या माउलींच्या तोंडून हे वाक्य मेलं तरी निघालं नसतं.

माझ्याकडेही एक डीव्हीडी राहिली आहे. ती मात्र भाड्याची नाही.

आमचं लग्न ‘आळंदीचं लग्न’ आहे, म्हणजे काय ते महाराष्ट्रात समजावून सांगावं लागत नाही. २००८ साल. दोन्हीकडचं घरचं कुणी नव्हतं. फेटा भाड्याचा, बूट खोलीतल्या मित्राचे, आणि गुरुजींनी ‘मुलीच्या मामांनी यावं’ म्हटल्यावर शेजारच्या कार्यालयातून एक मामा उसना आणला. तो अक्षता पडेपर्यंत गंभीरपणे उभा राहिला आणि जेवायला परत आपल्या लग्नात गेला. शूटिंगवाल्याने पस्तीस मिनिटांची डीव्हीडी राइट करून दिली. त्या दिवशी आमच्या मालकीची अशी वस्तू ती एकच.

मागे घर आवरताना जुन्या सीड्यांचं खोकं निघालं. मुलीने त्यातल्या चारपाच दोऱ्याला बांधून कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगल्या. लग्न थोडक्यात वाचलं. राहिलेल्यांचं काय करायचं? वेष्टनांवर माउली आणि तुकोबा, कचऱ्यात कसे टाकणार? शेजारचे काका म्हणाले, इंद्रायणीत सोडा. म्हटलं, काका, कंपन्यांनी नदीला आधीच इतका फेस आणलाय, त्यात ही भर कशाला? शिवाय तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी वर आली. डीव्हीडीचा भरवसा मी देऊ शकत नाही. खोकं परत माळ्यावर गेलं.

आता अडचण अशी की लग्नानंतर तीन वर्षं आमच्याशी न बोललेल्या सासूबाई सध्या राहायला आल्या आहेत आणि त्यांना ते लग्न बघायचंय. “त्यात काय, मोबाइलवर लावा की,” म्हणतात. लॅपटॉपला सीडीची खाच नाही, टीव्हीलाही नाही. मोबाइलवाल्याने डीव्हीडी उलटीपालटी करून सांगितलं, ही घरी राइट केलेली आहे, आत रंगाचा थर असतो, तो उन्हाने उडतो. जपा आणि लवकर बघा. सासूबाईंनी ती बघायची म्हणून चष्म्याचा नंबरसुद्धा काढून आणलाय. मामा उसना होता, हे त्यांना अजून आम्ही सांगितलेलं नाही.

तेव्हा आळंदी, मोशी, चऱ्होलीच्या बाजूला कुणाकडे चालू स्थितीतला डीव्हीडी प्लेयर असेल तर कृपया कळवा. विकत नको, एका रात्रीपुरता भाड्याने हवाय. सकाळी दहाच्या आत आणून देतो.