बॅरलबप्पा

माजलगावच्या मोंढ्याच्या तोंडाशी एक चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक शेगडी आणि वर पत्रा. इराण आणि ओमानच्या मधली होर्मुझची सामुद्रधुनी रोज सकाळी साडेसातला इथं उघडते आणि मोंढ्यात लिलावाची हाळी उठली की बंद होते. मधल्या दोन तासांत तिच्यातून कुणाचं जहाज जाईल आणि कुणाचं अडेल, हे ठरवणारा माणूस डाव्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसलेला असतो. त्याचं खरं नाव सातबाऱ्यावर आहे. बाकी सगळीकडं तो बॅरलबप्पा.

"काय म्हणतंय जग, बप्पा?" एवढं कुणीतरी विचारायची खोटी. बप्पा टोपी मागं सारतात, उपरण्याच्या टोकानं मोबाइलची काच पुसतात, बशीतला चहा फुंकतात आणि म्हणतात, "पेटायलंय."

बप्पांना हा नाद लागला १९९० साली, रॉकेलच्या रांगेत. ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि काही दिवसांनी बप्पांच्या गावात रॉकेल मिळेना. बप्पा तेव्हा विशीतले. डबा घेऊन दोन तास उभे राहिले, नंबर आला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "तेल नाही. सद्दामला विचार." दुसरा कुणी असता तर दुकानदाराशी भांडला असता. बप्पा घरी आले आणि त्यांनी रेडिओ लावला. त्या दिवसापासून बप्पांनी कुठल्याही स्थानिक माणसाला दोष दिलेला नाही.

पुढच्या वर्षी देशाची तिजोरी रिकामी झाली आणि रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण टाकलं. त्याच साली बप्पांच्या वडिलांनी घरातल्या पाटल्या सराफाकडं ठेवल्या. "आम्ही अन् रिझर्व्ह बँक एकाच वर्षी अडचणीत आलो," हे बप्पा अजून अभिमानानं सांगतात. देशाचं सोनं सुटलं. पाटल्या राहिल्या.

आता 'बॅरल'ची कथा. २० एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, अमेरिकेतल्या तेलाचा वायदा इतका कोसळला की भाव शून्याच्या खाली गेला, पिंपाला उणे ३७.६३ डॉलर. म्हणजे तेल न्या आणि वर पैसेही घेऊन जा. जगातल्या भल्याभल्यांनी डोक्याला हात लावला. बप्पांनी बैलगाडीला हात घातला. कुणाकडून तरी दोनशे लिटरचं लोखंडी पिंप आणलं, गाडीत उभं केलं आणि थेट पेट्रोलपंपावर.

पंपावरच्या पोरानं विचारलं, "किती टाकू?"

"भर. अन् वरचे पैशे दे."

"कसले पैशे, बप्पा?"

बप्पांनी त्याला वायदेबाजार, साठवणुकीच्या टाक्या, अमेरिकेतलं कुशिंग नावाचं गाव, सगळं समजावलं. पोरगं शांतपणे ऐकत होतं, कारण टाळेबंदीत दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. शेवटी म्हणालं, "बप्पा, ऊन लई हाय. सावलीला बसा."

पिंप रिकामं परत आलं आणि अंगणात उभं राहिलं. लोक 'बॅरल' म्हणू लागले, तर बप्पांनी तेही दुरुस्त केलं. मला म्हणाले, "खरं बॅरल १५९ लिटरचं असतं, गुरुजी. हे दोनशेचं हाय. आपल्याकडं माप मोठं." पुढं मे महिन्यात सरकारनं डिझेलवरचा कर लिटरमागं १३ रुपयांनी वाढवला. म्हणजे तिकडं तेल फुकट झालं तरी इकडं थेंबभरही स्वस्त झालं नाही. त्यावर बप्पांनी एक सिद्धान्त मांडला. आजवर त्यांच्या तोंडून निघालेल्या वाक्यांत मी हेच सर्वांत मोलाचं मानतो. मराठवाड्यात तेल येतं ते मनमाडकडून, आणि परभणीचं पेट्रोल राज्यात महाग म्हणून गाजतं ते त्या वाटखर्चापायी. बप्पा म्हणाले, "वाढ हाय ना, ती रातोरात माजलगावला येती. उतार मनमाडलाच अडकतो."

इतका शहाणा माणूस स्वतः मात्र कायम उलट्या गाडीत बसतो. २०२१ च्या दिवाळीत त्यांनी कापूस आठ हजारांनी विकून टाकला, कारण "रशिया नुसतं भ्या दाखवतोय, घुसत न्हाई." फेब्रुवारीत रशिया युक्रेनमध्ये घुसला. उन्हाळ्यात कापूस काही ठिकाणी क्विंटलला बारा हजारांवर गेला. बप्पांना वाईट वाटलं ते पैशाचं नव्हे, पुतिननं फसवल्याचं.

पुढच्या हंगामात बप्पा सावध होते. तेल चढलं की पॉलिस्टर महागतं, पॉलिस्टर महागलं की गिरण्या कापसाकडं वळतात, म्हणून कापूस विकायचा नाही, बारा हजारांची वाट बघायची. साखळीतली एकेक कडी पक्की होती. तीन एकरांचा कापूस माजघरात भरला, उरलेला पडवीत, शेवटची चार गाठोडी देवघरात. पाहुणा आला तर त्याला कापसावर बसवावं लागे. पाहुणा खूश व्हायचा, दहा मिनिटांनी खाजवायला लागायचा. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात. फेब्रुवारीपर्यंत घरातली सगळी माणसं, दोन वासरं आणि एक कुत्रं, अशी खाजवत होती. त्या साली मराठवाड्यात घरोघरी हेच चाललं होतं. डॉक्टरांकडं मलमासाठी रांग लागली, पण त्या खाजेचा युक्रेनशी संबंध जोडणारे एकटे बप्पाच.

"थोडं थांबा," ते मांडी खाजवत सांगायचे, "युद्ध चिघळायलंय."

काकू, म्हणजे बप्पांच्या मंडळी, एक दिवस चुलीपुढून म्हणाल्या, "त्या पुतिनला म्हणावं, एक रात हितं येऊन नीज. सकाळी गप तह करील."

जूनमध्ये, पेरणीला पैसे नाहीत म्हणून, कापूस सात हजारांच्या आसपास गेला. वजनातही घटला होता. काट्यावर आडत्यानं विचारलं, "बप्पा, एवढा वाळला कसा?" बप्पा म्हणाले, "जागतिक मंदी."

शेअरबाजारावर बप्पांचा अधिकार मोठा, कारण त्यांच्याकडं शेअर आहे. एकच आहे, वडिलांच्या वेळचा, सहकारी साखर कारखान्याचा. तो विकता येत नाही, त्याचा भाव कुठं लागत नाही, दिवाळीला त्याच्यावर सवलतीची साखर मिळते. सेन्सेक्स हजारानं पडो की वाढो, बप्पांचा परतावा किलोतच. तरी ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, सगळा जिल्हा टीव्हीवर मतं मोजत होता आणि बप्पा एकटे सेन्सेक्स. तो त्या दिवशी चार हजार तीनशेहून अधिक अंकांनी आपटला. बीडचा निकाल रात्री उशिरापर्यंत खालीवर होत राहिला. दोन्हीकडचे आकडे एकाच वेळी सांगता सांगता बप्पांची अशी गल्लत झाली की हॉटेलातल्या एका कार्यकर्त्यानं सेन्सेक्सच्या आघाडीवर फटाके आणायला माणूस पाठवला.

सोन्याचांदीचा अभ्यास त्याहून खोल. काकूंची जोडवी झिजून तारेसारखी झाली आहेत. २०२० पासून बप्पा नवी घ्यायला निघाले आहेत. प्रत्येक वेळी सराफाच्या गादीवर बसतात आणि व्याख्यान सुरू होतं. युक्रेनच्या युद्धात पाश्चात्त्यांनी रशियाची परदेशातली गंगाजळी गोठवली. तेव्हा साऱ्या देशांना कळलं की डॉलर दुसऱ्याच्या घरात असतो, सोनं आपल्या. म्हणून मध्यवर्ती बँका वर्षाला हजार टनांवर सोनं घेऊ लागल्या. चांदीचं तर विचारूच नका, ती सौरपट्ट्यांत जाते. सराफ ऐकून घेतो आणि विचारतो, "बप्पा, जोडवी किती भाराची दाखवू?"

"भाव पडल्यावर सांगतो."

आणि भाव एकदा खरोखर पडला. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्याचांदीवरचं आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आलं, दुकानात झुंबड उडाली. सराफानं माणूस पाठवून बप्पांना निरोप दिला. बप्पा आले, बसले, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "आनखी पडंल." २०२५ च्या एप्रिलमध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं आणि दिवाळीपर्यंत चांदी किलोला दीड लाखाच्या वर. काकू आता जोडव्यांचं विचारत नाहीत. एवढंच म्हणतात, "जगात शांतता झाली की सांगा, माप देते."

बप्पांना निरुत्तर झालेलं मी एकदाच पाहिलं. २०२४ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातून ट्रॅक्टर सुटतात, संसार, शेरडं, लेकरं घेऊन, पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं ऊस तोडायला. त्या सकाळी एक जोडपं गाडीची वाट बघत बाकड्याशेजारी गाठोड्यावर बसलं होतं. मुकादमाची उचल केव्हाच घेतलेली आणि केव्हाच संपलेली. बप्पा साखरेवर बोलत होते. होर्मुझ म्हणजे अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर, एसटीचा पाऊण तासाचा रस्ता. जगाच्या तेलाचा पाचवा हिस्सा तिथून जातो. तो अडला की तेल चढतं. तेल चढलं की ब्राझीलवाला उसाची साखर करायचं सोडून इथेनॉल करतो. जगात साखर कमी, म्हणून भाव वर.

गाठोड्यावरचा गडी कान देऊन ऐकत होता. म्हणाला, "म्हंजी ऊस तेलाला बांधलेला हाय?"

"तर!"

"मंग आमच्या कोयत्याचा भाव कशाला बांधलाय, बप्पा?"

बप्पांनी तोंड उघडलं. साखळी जुळवू लागले. तोडणीचा दर टनावर ठरतो, करारानं ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये बऱ्याच ताणाताणीनंतर ३४ टक्के वाढ मिळाली होती. आता पुढच्या करारापर्यंत इराण बुडो की ब्राझील, कोयता जागचा हलणार नाही. बप्पांच्या साऱ्या जगात हीच एक कडी कशातच अडकवलेली नव्हती. चहा निवला. शेवटी बप्पा हॉटेलवाल्याला म्हणाले, "दोघांस्नी चहा दे. माझ्या नावावर." आणि त्या दिवशी सामुद्रधुनी तासभर आधी बंद झाली.

२०२५ साल मात्र बप्पांचंच होतं. जूनमध्ये इस्रायल-इराणचं बारा दिवसांचं युद्ध झालं, होर्मुझ बंद करायची भाषा निघाली. बप्पा हॉटेलात रात्रीही येऊ लागले. पंपावरचा भाव तेवढा जागचा हलला नाही. पण ऑगस्टमध्ये त्यांनी जे सांगितलं, ते ऐकायला आडतेसुद्धा दुकान सोडून आले. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावायचं ठरवलं, त्यानं तिरुप्पूरच्या कपड्याला गिऱ्हाईक घटणार, कारखानदार स्वस्त कापूस मागणार. १९ ऑगस्टला केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, २७ ला अमेरिकेचा वाढीव कर लागू झाला. "बाहेरचा कापूस आत येतोय," बप्पा म्हणाले, "या दिवाळीला आपला भाव पडला म्हणून समजा. हमीभाव ८,११० चा, पर मोंढ्यात तेवढा कोण देतोय ते बगा." एकही कडी निसटली नव्हती. आडत्यानं मान डोलावली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बप्पा वेळेआधी बरोबर होते.

आणि सप्टेंबरात आभाळ फाटलं. धरणाचे दरवाजे उचलले, सिंदफणा नदी पात्र सोडून शिवारात शिरली. बप्पांचा कापूस बोंडात सडला, सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. भाव पडायच्या आधी पीकच पडलं. विकायला काही उरलं असतं, तर बप्पा खरे ठरले असते.

पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा मी बांधावर होतो. गुडघाभर गाळ. तलाठ्यांनी विचारलं, "बप्पा, नुकसानीचं कारण?"

बप्पांनी टोपी मागं सारली. वॉशिंग्टनपासून सुरुवात केली. तिरुप्पूर झालं, आयातशुल्क झालं, खताच्या गोणीतून चीन झाला. तलाठी भला माणूस, बोट मोबाइलवर ठेवून ऐकत राहिला. बप्पा श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यानं एकच शब्द भरला : अतिवृष्टी.

"एवढंच?" बप्पा म्हणाले.

"रकाना एवढाच हाय, बप्पा. घरचं काही वाहून गेलंय?"

"एक बॅरल."

"काय होतं त्यात?"

बप्पा पाण्याकडं बघत राहिले. "काय न्हाई. रिकामंच हुतं. पाच वर्सं." मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, लिहू नका."

मला वाटलं, माणूस खचला. चार दिवसांनी पत्र्याखालचा चिखल काढून हॉटेल सुरू झालं. डाव्या बाकड्यावर बप्पा पाय वर घेऊन बसलेले. "काय म्हणतंय जग?" विचारायचा धीर कुणाला होईना. त्यांनीच बशी खाली ठेवली.

"गुरुजी, सिंदफणा मंजरथला गोदावरीला मिळती. बरोबर?"

"बरोबर."

"गोदावरी नांदेडवरनं तेलंगणात, फुडं राजमहेंद्री, फुडं बंगालचा उपसागर."

"हो."

बप्पांनी उपरण्यानं मोबाइलची काच पुसली. "म्हंजी आपलं बॅरल आता आंतरराष्ट्रीय बाजारात हाय," ते म्हणाले. "सोमवारी भाव बघा."