सतरा अक्षरं टाळण्याची कला

जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायचं तुम्ही ठरवलंत, फार छान झालं. उंच बसायला मिळतं, खड्ड्यात खालून घासत नाही, आणि सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन हॅचबॅकवाल्यापेक्षा अर्धा सेकंद लवकर उठतो. प्रश्न एवढाच उरतो, की या गाडीबद्दल कंपनीला जे ठाऊक आहे ते स्वतःला कळू न देता ती घरी कशी आणायची? कारखान्यातूनच सदोष बसलेला भाग, त्यासाठी परत बोलावलेल्या गाड्या, आधीच्या मालकांच्या तक्रारी, हे सगळं हल्ली घरबसल्या कळतं. त्यामुळे अज्ञानात सुखी राहणं पूर्वीइतकं सोपं नाही. त्याला थोडी शिस्त लागते. खालच्या दहा पायऱ्या पाळा. पहिलीच गाडी घेणाऱ्यालाही जमतील.

१. तज्ज्ञ सोबत न्या.

तज्ज्ञ म्हणजे मेव्हणा. त्याच्याकडे पंधरा वर्षं गाडी आहे, एवढी पात्रता पुरते. त्याला टायरवर लाथ मारू द्या, बॉनेट उघडून 'हं' म्हणू द्या, दार दोनदा आपटून आवाज ऐकू द्या, आणि बोटाने पत्रा वाजवून 'डावा फेंडर रंगवलाय' असा निकाल देऊ द्या. तेवढ्यात एजंट म्हणेल, "साहेब, डॉक्टरांची गाडी आहे. मॅडमच चालवायच्या, तीही फक्त देवदर्शनाला." मीटरवर नव्वद हजार किलोमीटर दिसले तरी एवढी देवळं कुठली, असं विचारू नका. श्रद्धेचा विषय आहे.

कंपन्या ज्या दोषांसाठी गाड्या परत बोलावतात ते लाथेने वाजत नाहीत, हे या पद्धतीचं खरं सौंदर्य. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. त्यांत ब्रेझा होत्या, ग्रँड व्हिटाराही होत्या. शंका होती एअरबॅग कंट्रोलरची: अपघात झाला तर एअरबॅग आणि सीटबेल्ट आवळणारं प्रीटेन्शनर काम करणार नाही, अशी. भाग बदलेपर्यंत गाडी वापरूच नका, असं कंपनीने सांगितलं होतं. मेव्हण्याच्या लाथेला हे कळलं असतं, तर कंपनीने मेव्हण्यालाच नोकरीवर ठेवलं असतं.

२. चासी नंबरकडे पाहू नका.

हा सगळ्यात धोकादायक आकडा. सतरा अक्षरं आणि अंक. भारतात बनलेल्या गाडीचा नंबर सहसा 'एम' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण एक आणि शून्याशी घोटाळा होतो. म्हणजे ज्यांनी हा नंबर बनवला त्यांनी तुम्हाला तो चुकवता येऊ नये याची सोय आधीच करून ठेवली आहे. लोक किती दुष्ट असतात पाहा.

तो आरसीवर छापलेला असतो. गाडी नावावर करताना चासीवर कागद ठेवून पेन्सिलने त्याचा छापही काढतात. गाडीच्या आयुष्यात हा नंबर कुणीतरी वाचण्याची ही एकमेव घटका, आणि तीही एजंटचा पोरगा गाडीखाली वाकून निभावून नेतो. तुम्ही तेवढ्यात चहा घ्या. नंबर प्लेटवरचा आकडा मात्र डोळे भरून पाहा. अंकांची बेरीज नऊ येते का, हे तपासायला अर्धा दिवस गेला तरी चालेल.

३. भाषा शिका.

'रिकॉल' हा शब्द तुम्हाला सहसा कुणी ऐकवणार नाही. वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने गाड्या परत बोलावण्याची संहिता केली. त्यातला 'स्वेच्छेने' हा शब्द उद्योगाला इतका आवडला की प्रत्येक घोषणेत तो येतोच. त्याच्या जोडीला 'खबरदारीचा उपाय म्हणून', 'सर्व्हिस कॅम्पेन' आणि 'ग्राहकांच्या हितासाठी तपासणी मोहीम'. हे वाचून आपल्याला कुणीतरी हळदीकुंकवाला बोलावतंय, असं वाटलं पाहिजे. वाटत नसेल तर सराव करा.

४. पत्र पहिल्या मालकालाच जाऊ द्या.

आपल्याकडे गाडी चार मीटरच्या आत असली आणि इंजिनही ठरलेल्या मर्यादेत असलं की कर कमी लागतो. ही सवलत २००६ च्या अर्थसंकल्पात आली. म्हणूनच या वर्गातल्या कितीतरी गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास भरते. करासाठी पाच मिलिमीटरचा हिशोब ठेवणाऱ्या या धंद्याला गाडीच्या दुसऱ्या मालकाचा पत्ता मात्र सापडत नाही.

कसा सापडेल? कंपनीच्या वहीत फोन नंबर असतो त्या डॉक्टरांचा. फोन त्यांना जातो. ते म्हणतात, "गाडी विकली मी," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. तुम्ही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन 'आता गाडी माझी आहे, हा माझा नंबर' असं एकदा सांगितलंत की ही साखळी जोडली जाते. म्हणून तिकडे फिरकूच नका. सर्व्हिसिंग कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये करा. तिथला भाऊ ऑइल बदलतो, एसी गार करून देतो आणि कंपनीशी त्याचा काहीही संबंध नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि झाकलं बॉनेट आठ लाखांचं.

५. डॅशबोर्डवरच्या दिव्यांचा अर्थ लावा.

दिवा लागला की घाबरू नये. पिवळा लागला तर 'सेन्सर असेल' म्हणावं, लाल लागला तर 'सेन्सरच असेल' म्हणावं. एअरबॅगचा दिवा विझतच नसेल तर त्यावर काळी चिकटपट्टी लावावी. रात्री डोळ्यांवर येत नाही.

दिवा न लागणं ही आणखी वरची पायरी. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ३९,५०६ ग्रँड व्हिटारा परत बोलावल्या गेल्या. त्यांच्यातला इंधनाचा काटा आणि इशाऱ्याचा दिवा टाकीतली खरी स्थिती दाखवतीलच, याची खात्री नव्हती. आता विचार करा, अशी गाडी तपासणी न करता चौथ्या हातात गेली आणि तुम्ही गणपतीला चिपळूणकडे निघालात. काटा म्हणतो अर्धी टाकी, टाकी म्हणते बाप्पा मोरया. घाटात मुक्कामाचा असा योग आगाऊ बुकिंग करूनही मिळत नाही.

६. सजावटीने सुरक्षितता वाढवा.

गाडी हातात आली की लगेच सीट कव्हर घाला. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर जाड रेक्झिन शिवून ती नीट बंद करा, म्हणजे उगाच बाहेर येणार नाही. पुढे लोखंडी गार्ड बसवा. केंद्र सरकारने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, कारण त्याने पादचाऱ्याला इजा होते आणि एअरबॅगच्या सेन्सरचंही गणित बिघडू शकतं. पण दुकानदाराला ते माहीत असूनही तो बसवून देतो, यातच त्याची माया दिसते. शेवटी डावीकडच्या एअरबॅगच्या झाकणावर संगमरवरी गणपती चिकटवा. एअरबॅग निमिषार्धात उघडते. मूर्ती कुठे जाईल, याचा विचार मूर्तीवर सोपवा.

खुद्द एअरबॅगच बिघडलेली असली तर? टकाटा नावाच्या जपानी कंपनीच्या एअरबॅग जगभरच्या गाड्यांत बसल्या होत्या. त्यांतल्या फुगवणाऱ्या यंत्रणेत अमोनियम नायट्रेट असायचं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने ते खराब होतं, मग धक्का बसताच यंत्रणा फुटते आणि वाचवणाऱ्या फुग्यातून धातूचे तुकडे उडतात. माणसं मेली. एकट्या अमेरिकेत जवळपास ६ कोटी ७० लाख फुगे परत बोलवावे लागले. कंपनीने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही याच दोषासाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या. उष्णता आणि दमटपणा म्हणजे काय, हे मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकाला समजावून सांगायला नको. तरी तुमच्या जुन्या गाडीत कोणता फुगा आहे, हे विचारू नका. वाढदिवसाला फुगे कुठून आणले, असं कुणी विचारतं का?

७. सात वर्षं होऊ द्या.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार, विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येइतक्या तक्रारी आल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला भाग पाडू शकतं आणि १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड करू शकतं. नियम तुमच्या विरोधात आहे, हे मान्य. पण तो सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे. म्हणून आठ वर्षांची गाडी निवडा. किंमत कमी आणि कायद्याचा त्रासही नाही. गाडी जसजशी म्हातारी होते तसतशी तिची काळजी घ्यायची जबाबदारी हलकी होत जाते, ही गोष्ट आपल्याकडे माणसांनाही लागू असल्याने कुणाला खटकत नाही.

८. तक्रार करा, पण योग्य ठिकाणी.

तक्रार करूच नये, असं आम्ही म्हणत नाही. मराठी माणसाला तेवढं जमणारही नाही. ब्रेक दाबल्यावर पाय खोल जातो, हे बायकोला सांगा. मेव्हण्याला सांगा. वॉचमनला सांगा. पानवाल्याला तर दोनदा सांगा. कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाका. आत्या हात जोडलेलं चित्र पाठवेल.

फक्त केंद्राच्या वाहन पोर्टलवर नोंदवू नका आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकाला फोन करू नका. कारण तिथे तक्रारी मोजतात. पानवाला मोजत नाही. चारशे मालकांनी चारशे पानवाल्यांना सांगितलं तरी सरकारदरबारी बेरीज शून्यच राहते, आणि शून्य तक्रारींची गाडी बाजारात 'बिनतक्रार' म्हणून चढ्या भावाने विकली जाते. तुम्हालाही ती तशीच विकली होती.

९. पार्किंगची काळजी करू नका.

सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत सुमारे ३३ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या. त्यांत एसयूव्हीही होत्या. ब्रेकच्या एका मॉड्यूलमधून द्रव गळून शॉर्टसर्किट होण्याची आणि बंद गाडीलाही आग लागण्याची शक्यता होती. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उघड्यावर, इमारतीपासून लांब लावा, असा सल्ला मालकांना मिळाला.

असा सल्ला इथे मिळाला तर काय होईल, याची कल्पना करून धीर धरा. कांदिवलीत किंवा कोथरूडमध्ये इमारतीपासून लांब म्हणजे दुसऱ्या इमारतीजवळ. सोसायटीच्या बैठकीत ठराव होईल, गाडी पाहुण्यांच्या जागेत जाईल, तिथे पाहुणे बोंबलतील. पार्किंगच्या एका जागेसाठी तुम्ही सात वर्षं भांडलात. ती एका मॉड्यूलपायी सोडायची? त्यापेक्षा न कळलेलंच बरं.

१०. फुकट काही स्वीकारू नका.

एवढं सगळं पाळूनही एखाद्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून फोन येईल: "सर, तुमच्या गाडीचा एक भाग बदलायचा आहे. पैसे लागणार नाहीत." इथे भलेभले ढासळतात. एरवी 'फुकट ते पौष्टिक' म्हणणारे आपण, नेमकं इथेच संशय घ्यायला शिकलं पाहिजे. विचारा, "फुकट कसं काय? काहीतरी गडबड असणार." गडबड आहेच, म्हणून तर फोन केलाय, असं पलीकडची मुलगी सांगू लागेल. तिला मध्येच तोडा. "दिवाळीनंतर बघू," म्हणा. कोणती दिवाळी, ते सांगू नका.

मग दोन वर्षांनी गाडी विकायला काढा. जाहिरातीत लिहा: दुसरा मालक, फॅमिली वापर, एक रुपयाचं काम नाही. बघायला येणारा मेव्हण्याला घेऊन येईल. मेव्हणा टायरवर लाथ मारेल. त्याला चहा विचारा.

जाता जाता एक इशारा. हे मार्गदर्शक पूर्ण वाचूनही काही वाचक नापास होतात. ते आज रात्री आरसी काढतात, त्यावरची सतरा अक्षरं कंपनीच्या संकेतस्थळावर टाकतात किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करून वाचून दाखवतात, 'या गाडीचं काही काम बाकी आहे का' असं विचारतात आणि जाता जाता स्वतःचा मोबाइल नंबरही लिहवून घेतात. त्यांचा एक शनिवार सर्व्हिस सेंटरच्या सोफ्यावर वाया जातो. अशांसाठी आमच्याकडे उपाय नाही. कंपनीने दोष मान्य करून परत बोलावलेल्या गाडीच्या त्या दुरुस्तीला पैसे पडत नाहीत. पहिल्या मालकाला नाही आणि चौथ्यालाही नाही.