सहा गुंठ्यांतली वसुली

भेंडीला नोटीस बजावता येत नाही, हे तात्यांचं खरं दुःख आहे. बाकी सगळं त्यांनी जमवलंय. सांगलीच्या बाहेर, जिथे जुन्या मळ्यांचे प्लॉट पडले, तिथे बंगल्यामागे सहा गुंठे काळी जमीन, बोअर, ठिबकच्या नळ्या, वेलांना तारेचा मांडव आणि या सगळ्याचा हिशेब ठेवायला लाल कापडी बांधणीची लांबडी वही. असे तात्या मिरजेत आहेत, इस्लामपुरात आहेत. जयसिंगपुरात तर एकाच गल्लीत दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे गुरुजी. आपले तात्या मात्र सहकारी बँकेच्या शेतीकर्ज विभागातून निवृत्त झालेले, त्यामुळे हे बेणं जरा वेगळं. 34 वर्षं त्यांनी पीककर्ज दिलं आणि वसूल केलं. पिकाशी संबंध सातबाऱ्यावरच्या रकान्यापुरता. पाहणीला गेले तरी बांधावरूनच विचारायचे, "काय, कसं आहे पीक?" शेतकरी म्हणायचा, "बरं हाय की साहेब," आणि अहवाल पुरा व्हायचा. 2008 च्या कर्जमाफीचा विषय निघाला की अजूनही त्यांच्या कपाळाला आठी पडते. "शिस्त बिघडली ती तेव्हापासून," असं ते म्हणतात, आणि हातातली तोंडली ताटलीत जरा जोरातच टाकतात.

पहिली पाहणी पहाटे साडेपाचला, चहाच्या आधी. पावसाळ्यात तिचं मुख्य कारण गोगलगायी. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्यांच्या मधून अंथरायची, रात्रीतून गोगलगायी त्यांच्याखाली जमतात, सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हा कृषी खात्याचाच उपाय. तात्यांनी त्यात भर घातली ती मोजदादीची. वेचलेल्या गोगलगायी वहीत 'वसुली' या सदराखाली चढतात. जुलैत एखाद्या दिवशी आकडा शंभरावर गेला की मार्चअखेरचं उद्दिष्ट गाठल्याच्या समाधानात ते चहाला बसतात.

मग खातेदारांच्या भेटी. प्रत्येक वाफ्याला नंबर आहे. टोमॅटो नियमित, कारलं मुदतवाढीवर, वांगी थकबाकीत. थकबाकीदारासमोर तात्या हात मागे बांधून उभे राहतात आणि हळू, सभ्य आवाजात बोलतात. झाडांनाही ते 'तुम्ही'च म्हणतात. वसुलीचा पहिला नियम म्हणे तोच. "हे बघा, शेणखत वेळेवर मिळालं, पाणी मिळालं. पंधरा दिवस देतो. पुढे मला काही बोलायला लावू नका." गेल्या वर्षी असं बजावल्यावर आठवड्याभरात वांग्यांना नवे फुटवे आले, फुलंही धरली, आणि तात्यांचा स्वतःच्या शब्दावरचा विश्वास दुणावला. आदल्याच संध्याकाळी खुरपायला येणाऱ्या मावशींनी सगळे सुकलेले शेंडे खुडून नेले होते, ही गोष्ट वहीत नाही. "शेंडा मान टाकतोय म्हंजी आत अळी हाय," त्या काकूंना म्हणाल्या होत्या, "बोलून काय हुतंय?"

या मावशी म्हणजे तात्यांच्या कारभारातली एकमेव जाणकार व्यक्ती. हे त्या दोघांनाही माहीत आहे, पण मान्य फक्त एकाला आहे. तात्या त्यांना खुरपणीची रोजची मजुरी देतात. मावशी वाफ्यांतलं तण काढतात आणि त्यातली घोळ, तांदुळजा, पाथरी निवडून पदरात बांधून घरी नेतात. म्हणजे तात्या बी विकत आणतात, जमीन फणतात, महिनाभर पाणी देतात. आणि कुणी न पेरलेली, कुणी न जोपासलेली भाजी मावशी मजुरीसकट घेऊन जातात. एकदा काकूंनी त्यांच्याकडून थोडी पाथरी मागून घेतली आणि भाकरीबरोबर कच्चीच वाढली. तात्या म्हणाले, "वा! ही कुठल्या वाफ्यातली?" काकू म्हणाल्या, "तुमच्या नाही."

श्री. अ. दाभोलकरांचं नाव तात्यांच्या तोंडी दिवसातून एकदा तरी येतं. कोल्हापूरच्या या गणिताच्या प्राध्यापकांनी प्रयोग परिवार उभा केला, 'विपुलाच सृष्टी' लिहिलं, आणि पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं असा हिशेब मांडला. तात्यांनी त्याला त्रैराशिक लावलं. दहा गुंठ्यांत पाच, तर सहा गुंठ्यांत तीन. घरात माणसं दोन. तिसऱ्याचा वाटा कोण खातं, याचा तपास बरीच वर्षं चालू आहे; संशय आधी शेजाऱ्यांवर होता, नंतर घुशीवर गेला. ठिबकच्या नळ्या कुरतडलेल्या सापडल्यापासून घुशीचं पारडं जड आहे.

जीवामृताचं प्रकरण मात्र हिशेबाच्या पलीकडचं. 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती 200 लिटर पाण्यात कालवायची, सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायची. हे प्रमाण एकराचं. सहा गुंठ्यांना 30 लिटर पुरे, आणि बँकेत ज्याचं व्याज पैशापर्यंत चुकलं नाही त्या माणसाला हे कळत नाही असं नाही. पण ड्रम 200 लिटरचा आहे, आणि अर्धा रिकामा ड्रम तात्यांना बघवत नाही. मग उरलेले 170 लिटर खपवायची मोहीम निघते. रविवारी सकाळी गेटाशी तात्या कॅन घेऊन दिसले की गल्लीतली माणसं घरात कुंड्याच नाहीत असं सांगतात. त्या बिचाऱ्या कुंड्या मागच्या गॅलरीत हलवलेल्या असतात. काकूंचा आक्षेप वासाला नाही. पाहुणे आले, झुणका टाकायचा ठरला आणि बेसनाचा डबा रिकामा निघाला, एवढंच त्या सांगतात. पुन्हा पुन्हा सांगतात.

संध्याकाळी पाहुण्यांनी या घरी जाऊ नये. दुधीचं फूल दिवेलागणीला उमलतं आणि सकाळी कोमेजतं. नरफूल लांब देठाचं, मादीफुलाच्या बुडाशी बोटाएवढा दुधी आधीच बसलेला. पराग मिळाले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. हे काम निसर्गानं रात्री फिरणाऱ्या पतंगांवर सोपवलंय, पण तात्यांचा पतंगांवर विश्वास नाही. त्यांची वेळेची नोंद कुठे आहे? त्यामुळे ऐन गप्पांत, कुणाच्या तरी बायपासची हकिगत रंगात आलेली असताना, तात्या नातवाच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन उठतात. एका नरफुलाला दोन मादीफुलांचा जामीनदार होता येतं, तीन नाही, असा त्यांचा स्वतःचा नियम आहे. जोडी लागली की देठाला दोरा बांधायचा आणि वहीत तारीख टाकायची. या एका कारणानं तात्या पुण्याला मुलाकडे दोन दिवसांच्या वर राहू शकत नाहीत. काकू राहतात. महिनाभर राहतात.

आणि मग ते दुधी येतात. श्रावणात तर एकदम येतात. तात्या भाजी कुणाला विकत नाहीत, फुकटच देतात, आणि इथेच नवख्या माणसाची फसगत होते. पिशवी हातात आली म्हणजे कर्ज मंजूर झालं. विनियोगाची पाहणी अजून व्हायची असते. तिसऱ्या दिवशी, साधारण जेवणाच्या वेळेला, तात्या सहज येतात. "काय केलं दुधीचं?" भाजी केली म्हटलं तर चणाडाळ घातली का. हलवा केला म्हटलं तर साल काढली की ठेवली, आणि काढली असेल तर चटणी केली का. शेजारच्या नव्या सूनबाईंनी घाबरून थालीपिठात घातला असं सांगितलं, तर तात्या म्हणाले, "छान. किसून की वाफवून?" जुनी माणसं आता दुधी मिळाला की फोनवर आधी एकमेकांचं उत्तर ठरवून घेतात.

ज्या वर्षी भेंडीवर हळद्या आला, त्या वर्षी तात्यांनी 'परभणी क्रांती' लावली होती, कारण ती याच रोगाला दाद देऊ नये म्हणून मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेली जात. तरी पानं शिरांपासून पिवळी पडत गेली. रोग पांढरी माशी पसरवते, मावशी झाडं उपटून टाका म्हणाल्या, पण तात्यांनी आधी घरची आणेवारी काढली. ती 50 पैशांच्या आत आली. जेवताना त्यांनी घरात दुष्काळ जाहीर केला आणि काकूंनी बाजारातून भेंडी आणली.

काकू हायस्कुलात गणित शिकवायच्या. यंदा 31 मार्चला त्यांनी ती लाल वही मागून घेतली आणि एका दुपारी सगळं जोडलं: बी, खत, गूळ, बेसन, वीज, मावशींची मजुरी, ठिबक, फवारणीचा पंप. घरचा टोमॅटो 140 रुपये किलो पडला. मंडईत त्या दिवशी 20 होता. तात्या रात्री उशिरापर्यंत दिवा लावून बसले. सकाळी ते वही घेऊन स्वयंपाकघरात आले तेव्हा चेहरा फुललेला होता. पंप आणि ठिबक एकाच वर्षाच्या खर्चात धरणं चूक, त्याचा घसारा पाच वर्षांवर पसरायला हवा. फेरतपासणीत भाव 118 वर आला होता.

"22 रुपयांचा फरक!" तात्या म्हणाले. "एवढी ढोबळ चूक?"

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या, "पण यात पहाटे साडेपाचपासूनची तुमची मजुरी धरलेली नाही अजून."

तात्यांनी वही मिटली, चष्मा काढला, आणि आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाले, "ती माफ."