स्टुटगार्टचे मामलेदार

परदेशस्थ आप्तांच्या ज्या अनेक जाती आजच्या मराठी कुटुंबांत आढळतात, त्यांपैकी अमेरिकेतील आप्त ऐश्वर्याने ओळखला जातो आणि आखाती देशांतील आप्त औदार्याने. जर्मनीत स्थायिक झालेला आप्त मात्र नियमांनी ओळखला जातो. आमचे साडू या तिसऱ्या जातीचे मुकुटमणी होत. पुण्यास असताना एकेरी वाहतुकीची पाटी ही महानगरपालिकेची केवळ एक विनम्र सूचना आहे, अशा श्रद्धेने तिच्या उलट दिशेस स्कूटर हाकणारे हे गृहस्थ आज स्टुटगार्टच्या निर्मनुष्य रस्त्यावर, रात्री साडेअकरा वाजता, दिवा हिरवा होईपर्यंत पदपथावर निश्चल उभे राहतात, आणि पाहुण्यांपैकी कोणी पाऊल पुढे टाकलेच, तर "लहान मुलं बघत असतात हो!" असे म्हणून त्याचा दंड धरतात. साडेअकरा वाजता कोणती मुले बघत असतात, हा प्रश्न त्या देशात विचारावयाचा नसतो.

कुटुंबातील कोणी युरोपास जाण्याचा नुसता मनोदय बोलून दाखवला, की साडूंचे परिपत्रक व्हॉट्सॲपवरून सर्व संबंधितांस जारी होते. आल्प्स पर्वताचा त्यात उल्लेख असतो, पण तो फार खाली. वरची कलमे अशी, की शनिवारी रात्री येऊन पोचू नये, कारण रविवारी दुकाने कायद्यानेच बंद असतात आणि चहापुरत्या दुधासाठीही रेल्वे स्थानक गाठावे लागते. विनातिकीट सापडल्यास साठ युरो दंड पडतो, आणि 'आम्ही पाहुणे आहोत' हा बचाव तिकीट तपासनिसापुढे ग्राह्य धरला जात नाही. हॉटेलात पाणी मागितल्यास ते बाटलीतून येते आणि त्याचे पैसे पडतात. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनीशहरे आहेत, ही माहितीही त्यात असते. तीवरून ही सोयरीक साडूंनीच जमवली असावी, असा वाचणाऱ्याचा समज होतो.

परंतु त्यांच्या भक्तीचा खरा विषय म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताचे एकदिवसीय तिकीट. या एका तिकिटावर पाच माणसांपर्यंतच्या जथ्यास प्रांतभर हिंडता येते. अटी एवढ्याच, की गाडी लांब पल्ल्याची जलद गाडी नसावी, तिकिटावर प्रवाशांची नावे लिहिलेली असावीत, आणि आठवड्याच्या कामकाजाच्या दिवशी सकाळी नऊच्या आत प्रवासास आरंभ करू नये. आम्ही उल्मला जावयास निघालो त्या दिवशी सासूबाई पहाटे उठून, दशम्या बांधून, साडेसातलाच पादत्राणे घालून बसल्या होत्या. स्थानकावर साडेआठच्या सुमारास एक स्वच्छ, जवळजवळ रिकामी गाडी आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, ही उल्मचीच ना?" सासूबाईंनी विचारले.

"गाडी उल्मचीच आहे, आई. वेळ आपली नाही."

गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली, आणि साडूंच्या मुद्रेवर कायद्याचा मान राखून वर पैसेही वाचवणाऱ्या माणसाचे दुहेरी समाधान पसरले.

उल्म येथील प्रार्थनामंदिराचा पाया १३७७ साली घातला गेला आणि शिखर १८९० साली पुरे झाले, उंची १६१.५३ मीटर, पायऱ्या ७६८. हे आकडे साडूंच्या जिव्हाग्री आहेत. पायऱ्या मात्र त्यांनी एकदाही चढलेल्या नाहीत. प्रत्येक वेळी पाहुण्यांना वर धाडून ते स्वतः खाली पिशव्या सांभाळतात. जगातील सर्वांत उंच चर्च हा त्या मंदिराचा मान ऑक्टोबर २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने हिरावून घेतला, तेव्हा खात्यातील कोणी कनिष्ठ सेवाज्येष्ठता डावलून वर चढावा, तसा साडूंना क्रोध आला. "अपुऱ्या इमारतीची उंची मोजायची, हा कुठला न्याय?" असे ते आजही विचारतात, उल्मचे मंदिर स्वतः पाच शतके अपुरेच होते, हे त्यांच्या कानी घालण्याची प्राज्ञा कोणाची?

त्याच गावची चिमणीची कथा त्यांनी आम्हांस सांगितली. मंदिरासाठी आणलेली लांबलचक तुळई गाडीवर आडवी घातलेली असल्यामुळे वेशीतून आत जाईना. वेस पाडावी असे ठरत होते, तोच एक चिमणी चोचीतील काडी उभी धरून घरट्यात शिरताना लोकांना दिसली, आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या उपकाराबद्दल चिमणी आज मंदिराच्या छपरावर विराजमान आहे. आइन्स्टाईनही १८७९ साली याच गावी जन्मला, पण दुसऱ्याच वर्षी त्याच्या कुटुंबाने म्युनिकला बिऱ्हाड हलवल्यामुळे गावाच्या बुद्धिमत्तेचा मुख्य आधार चिमणीच राहिली असावी. सासूबाईंनी कथा शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "तरीच म्हटलं, रिकामी गाडी सोडून नऊपर्यंत उभं राहायची अक्कल आली कुठून!"

भोजनाच्या बाबतीत साडूंचा बंदोबस्त अधिकच कडक. त्या प्रांती माउलटाशे नावाचा एक पदार्थ आहे. कणकेच्या पारीत पालक आणि मांस यांचे सारण भरलेले असते. उपवासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून माउलब्रोनच्या मठातील साधूंनी मांस असे झाकून खाण्याची युक्ती काढली, अशी तिकडची दंतकथा. "आई, हिरवं दिसतंय म्हणून फसू नका, तिथं देवसुद्धा फसलाय," असे बजावून साडू सासूबाईंसाठी बटाट्याचे सॅलड मागवत, आणि मग त्या सॅलडात मांसाचे पाणी तर नाही ना, याची वाढणाऱ्याकडे इतकी कसून चौकशी करत, की उत्तर येईपर्यंत आमची जेवणे आटोपत.

प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीवर तिकडे पंचवीस सेंट अनामत असते. ती दुकानातील यंत्रात परत केली की पावती मिळते. या एका तरतुदीमुळे ब्लॅक फॉरेस्टच्या निबिड अरण्यातून चालताना आमच्या पाठीवर निसर्गसौंदर्यापेक्षा बाटल्यांचाच भार अधिक होता. सायंकाळी वसुलीची पावती हाती येईपर्यंत साडू कोणाशी बोलत नसत.

हा सारा अंमल कशासाठी, याचा उलगडा मला त्यांच्या इमारतीच्या जिन्यात झाला. तिकडे घरोघर झाडलोटीची आठवड्याची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि जिना कसा झाडला गेला याची पाहणी शेजारपाजार करतो. खालच्या मजल्यावरील एक वृद्ध बाई कठड्यावरून बोट फिरवीत होत्या, आणि आम्हांला हुकूम सोडणारे आमचे साडू, केरसुणी हाती धरून, निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणे अधोवदन उभे होते. इतकी वर्षे राहूनही त्या जिन्यात ते उमेदवारच. मामलेदारकी भोगावयास मिळते ती पाहुणे आले की, आणि पाहुण्यांपुरतीच.

पुढच्या रविवारी सासूबाईंनी नारळ फोडला. रविवारी आवाज करू नये, हे कलम परिपत्रकात ठळक अक्षरांत होते. पण नारळ, वरवंटा आणि दगडी उंबरठा यांचा योग जुळल्यावर कलमांकडे कोण पाहतो? तीन प्रहार झाले. साडू पांढरेफटक पडले आणि तत्काळ टेबलाशी बसून जर्मन भाषेत माफीपत्राचा मसुदा करू लागले. पहिले वाक्य पुरे होण्यापूर्वीच त्या वृद्ध बाई दारात हजर झाल्या. सासूबाईंनी एक अक्षरही न बोलता खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला; त्यांनी तो खाल्ला, आणखी एक मागितला, आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यानंतरच्या रविवारी त्या स्वतःच आल्या, त्या घरातील हातोडी घेऊन.

माफीपत्राचा मसुदा साडूंनी तारीख घालून दफ्तरी दाखल करून ठेवला आहे. दिवाळीनंतर त्यांच्या काकू यावयाच्या आहेत.