बुलेटचे स्तरशास्त्र

जुन्या ३५० सीसी बुलेटचे इंजिन सोडवून उघडण्याला गॅरेजमध्ये 'इंजिन उतरवणे' म्हणत असले, तरी त्याचे खरे स्वरूप उत्खननाचे असते. कारण ज्या बिघाडासाठी मिस्त्री पाना हाती घेतो, तो यंत्राने क्वचितच केलेला असतो, बहुधा तो आधीच्या मिस्त्रीचा असतो.

सर्वांत खालचा स्तर ब्रिटिश होय. १९५५ साली मद्रासला बुलेट बनवणारी एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली, तेव्हा इंग्लंडमधील रेडिचच्या आराखड्याबरोबर व्हिटवर्थ घराण्याचे आटेही, म्हणजे नट-बोल्टवरच्या मळसूत्री खाचा, इकडे आले. या खाचांचा कोन ५५ अंशांचा आणि मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा असल्याने, व्हिटवर्थ आट्यांत घातलेला मेट्रिक बोल्ट पहिले फेरे राजीखुशीने फिरतो, मग कुरकुरतो आणि शेवटी मनगटाच्या जोरावर आत जाऊन, बाहेर येताना ॲल्युमिनियमचे आटे सोबत घेऊन येतो. त्यावरच्या स्तरात गॅस्केटऐवजी, म्हणजे दोन भागांच्या सांध्यातून तेल गळू नये म्हणून घालायच्या पातळ पट्टीऐवजी, कापून बसवलेली लग्नपत्रिका सापडते. तिच्यावरचा मुहूर्त शाबूत असेल तर त्या दुरुस्तीचा काळ निर्विवादपणे ठरवता येतो. संसार टिकला की नाही हे मात्र त्यावरून कळत नाही; गॅस्केट टिकलेले नसते.

मिस्त्री सारे अंदाजाने करतो, हा मालकांचा आक्षेप अर्धवट ज्ञानातून येतो. टॅपेट लावताना, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची ढिलाई जुळवताना, इंजिन थंड असावे, दांडी बोटांनी सहज फिरावी, पण वरखाली हलू नये, हा नियम खुद्द कंपनीच्या पुस्तकातला आहे. मिस्त्रीने ते पुस्तक पाहिलेले नसते, एवढाच काय तो फरक.

खरी परीक्षा किकची. चावी फिरवून किक हळूहळू दाबत गेल्यास अँपिअरचा काटा मध्यावर येतो. त्या वेळी पॉइंट, म्हणजे प्रवाह तोडून ठिणगी पाडणारी संपर्कजोडी, उघडलेले असतात. तेथे डीकॉम्प्रेसर ओढून सिलिंडरमधला दाब सोडायचा, किक किंचित पुढे न्यायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा आणि मगच पूर्ण लाथ घालायची. या काट्याकडे मालक पंचांगाकडे पाहावे तसे पाहत असतो, तरीही घाई करतो. पॉइंटचे टायमिंग पुढे सरकलेले असेल तर किक उलटी येते आणि तिची नोंद नडगीवर होते.

'सगळे ओरिजिनल हवे' असे बजावून मालक गाडी घेऊन गेल्यावर बाकावर एखादा वॉशर उरतो. मिस्त्री तो शांतपणे डालड्याच्या जुन्या डब्यात टाकतो. पुढच्या बुलेटचा ओरिजिनल वॉशर याच डब्यातून निघतो.